तारेवरची खरी कसरत

शर्यतीच्या गाडीत बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडतात, त्यातून साधारण ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवतात आणि पीळ देऊन अशी ताणतात, की बोल्ट सैल व्हायला निघाला तर तार त्याला आवळायच्याच दिशेला ओढेल. ऑइलचा बोल्ट गळाला तर मागचे सगळे घसरतील, म्हणून एवढी काळजी.

जळगावात हीच तार मागितली, तर दुकानदार विचारतो, "किती किलो देऊ, भाऊ?" आणि सळई बांधायची काळी तार तराजूत टाकतो. त्याचं तरी काय चुकलं? एरंडोल-पारोळा करत धुळ्याला निघालेल्या गाडीचा सायलेन्सर, बंपर, मडगार्ड त्याच तारेच्या भरवशावर असतात. फरक इतकाच, की तिथे तार बोल्टला धरते. इथे बोल्ट एरंडोलच्या आधीच उतरून गेलेला असतो.