डिझाइन फ्री

कोपरगावात कुणाचा वाढदिवस आहे हे त्याच्या घरच्यांआधी चौकाला कळतं. दहा बाय वीसचा फ्लेक्स, मध्ये गॉगल लावलेले भाऊ, वर ज्या गटाचे असतील त्या गटाचे साहेब, खाली शुभेच्छुकांची तीन रांगांची फौज. तालुक्याचं राजकारण काळे आणि कोल्हे या दोन घरांभोवती फिरतं. छपाईच्या मशीनला मात्र गट नसतो.

हे सगळं जुळवतो तो फ्लेक्सच्या दुकानातला कॉम्प्युटरवरचा पोरगा. समोर कोरल ड्रॉ, पाठीमागे स्टुलावर गिऱ्हाईक.

"भाऊ अजून मोठा घे." घेतला.

"आता साहेब बारीक दिसाया लागले ना!" साहेब वाढवले. तेवढ्यात रांगेतल्या एका शुभेच्छुकाचा फोन येतो की माझा फोटो दुसऱ्या ओळीत का. 'अभीष्टचिंतन' शुद्ध लिहिलेलं असतं, ते गिऱ्हाईक शेजारी बसून अशुद्ध करून घेतं. मग बिल होतं : इतके चौरस फूट, इतका दर. डिझाइन फ्री.

या पोराला शहाणी माणसं सांगतात, 'आवड आणि पोट यांचा समतोल साध. दिवसा धंदा कर, रात्री कला.' म्हणजे दिवसा करतो ती कला नव्हेच, हे परस्पर ठरवून मोकळे! कमल शेडगे यांची अक्षरं गाजली ती नाटकांच्या जाहिरातींत. ती तिकीट खपावं म्हणूनच काढलेली होती. र. कृ. जोशी 'उल्का' या जाहिरात कंपनीत होते, आणि विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांच्याच हातचा. (तोही लोकांना फुकटच वाटतो, ही गोष्ट वेगळी.) दोघांनाही पोट होतं. फरक एवढाच, की शेडगे टाइम्सच्या कलाविभागात नोकरीला होते आणि जोशी जाहिरात कंपनीत. अक्षराकडे बघायचा पगार मिळायचा. आमच्या पोराला पगार मिळतो तो मशीन रिकामं राहू नये म्हणून.

पण दोष गिऱ्हाइकालाच का द्या? 'डिझाइन फ्री' ही पाटी दुकानानंच लावलेली. शेजारच्यानं दर चौरस फुटामागे रुपयानं उतरवला म्हणून यानं डोकं फुकट वाटलं. आणि पोरगाही कमी नाही. स्वतःच्या हातानं काढलेली सुंदर देवनागरी अक्षरं तो इन्स्टाग्रामवर टाकतो आणि फ्लेक्सवर मात्र दुसऱ्याच्या डिझाइनची तयार पीएसडी फाइल चिकटवतो. का रे बाबा? भाऊंचं नाव तुझ्या हातच्या वळणानं लिही की! चौकात दोन दिवस पाच हजार माणसं बघतील, भले भाऊंसाठी बघोत.

फक्त त्या अक्षरांची बिलात वेगळी ओळ टाक. 'डिझाइन : ५०० रुपये.' दुसऱ्या दुरुस्तीनंतरचे आणखी शंभर. गिऱ्हाईक भडकेल. म्हणेल, "आमचा भाचा मोबाइलवर पाच मिनिटांत करतो, फुकट."

"करू द्या की. फाइल पाठवा, दहा बाय वीसला काढून देतो. साहेबांचं नाक ओळखू आलं, तर पैसे नका देऊ."