हिरवा शालू आणि गार कोबा

सोपाऱ्यात दर रविवारी मुलांना ‘वर्णन कसं करावं’ हे शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ‘सर’ ही हाक फार आवडते. फी नाही, फळा उसना, सतरंजी गणेशमंडळाची. त्यामुळे सगळी वसुली त्या एका हाकेतूनच व्हायची असते. शिवाय यातलं एखादं पोर पुढे मोठं लेखक होईल आणि सत्काराला उत्तर देताना आपलं नाव घेईल, ही आशा आहेच. त्या प्रसंगी पहिल्या रांगेत बसून मान किती झुकवायची, याचा सराव आरशासमोर चालू असतो.

पहिला विषय ठरलेला: पावसाळ्यातील एक दिवस. वह्या आल्या. झाडून सगळ्या वह्यांत सृष्टीने हिरवा शालू नेसला होता. थेंबांचे मोती झाले होते. मोर थुईथुई नाचत होते. नालासोपाऱ्याच्या तुळिंजमध्ये आणि आचोळ्यात मोर! ही मुलं राहतात तिथे पाऊस लागला की आधी शेगडी पलंगावर चढते आणि मग आजी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर इतकं पाणी चढलं की लोकल थांबल्या. वह्यांमध्ये मात्र झरे खळखळत होते. पूर्वेला तुंगारेश्वराचे चांगले उभे डोंगर दिसतात, ते कुणाच्या निबंधात आले नाहीत. निबंधातले डोंगर नेहमी ‘दूरवर’ असतात आणि त्यांना नाव नसतं.

प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या छापील लेखांत शालू नाही, हे इथे नोंदवायला हवं. पैठणी आहे.

वर्गात शालू निघाला की हा गृहस्थ अशोकावर घसरतो. घरी घसरला तर माणसं उठून जातात. वर्गात मुलांना ती सोय नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना इथेच मिळाला. तुकड्यावर शब्द थोडेच उरलेत, पण गिरनारला वगैरे पूर्ण लेख आहे, त्यामुळे मजकूर ठाऊक आहे. विषय काय असावा? सहल! पूर्वीचे राजे मौजेखातर हिंडत, शिकारी करत. मी राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेलो, आणि तेव्हापासून यात्रेत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, म्हाताऱ्यांना दान, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलणं सुरू झालं, असा त्याचा सारांश. म्हणजे या गावात हाती आलेलं सर्वांत जुनं लेखन हा ‘आमची सहल’वरचा निबंध निघाला! आणि त्यात तांबडं फुटत नाही, पाखरं किलबिलत नाहीत, मंद वारा वाहत नाही. आजच्या परीक्षकाने चक्रवर्ती सम्राटाच्या वहीत लाल शाईने ‘वर्णन अपुरे’ असा शेरा मारून पालकांची सही मागितली असती. १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात लोक विधी कधी करतात ते सांगितलंय: आजारपणात, लग्नांत, मूल झालं की, प्रवासाला निघताना. मोघम काही नाही. दगडावर अक्षरं खोदायची म्हटल्यावर मोराचा खर्च कोण करणार?

इथवर घंटा होते. बरीच मुलं त्याआधीच झोपलेली असतात.

या शालूवरचा खरा उपाय याच रेल्वेमार्गावर पुढे, डहाणूच्या बाजूला होऊन गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि अनुताई वाघांनी ते पुढे वाढवलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, खडे, शिंपले वापरले. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. हाताला लागेल, नाकाला कळेल, ते आधी, अक्षर त्यामागून.

प्रस्तुत लेखकाने ही युक्ती उचलली आणि स्वतःची म्हणून सांगितली. घरातलं जे ऐकू येतं, हाताला लागतं, तेवढंच लिहा. एका मुलाने लिहिलं: “पाऊस पत्र्यावर पडला की आम्ही टीव्ही मोठा करतो, मग शेजारचे काका भिंतीवर बुक्की मारतात.” एका मुलीने लिहिलं: “आई रात्री लोकलने येते तेव्हा पहिल्यांदा बोलत नाही. चप्पल काढून पाय जमिनीवर ठेवते. जमीन गार असते.”

असं वाक्य आपल्याला का सुचलं नाही, याचा मत्सर सरांच्या पोटात व्यवस्थित उठला. त्यांनी पेन उघडलं. “छान आहे गं, पण ‘संगमरवरासारखी गार’ असं कर.”

“नाही सर, आमच्याकडे कोबा आहे.”

पेन बंद झालं. या मुलीला शाळेत याच तीन ओळींवर ‘कल्पनाविस्तार नाही’ असा शेरा मिळाला होता. आईचे दुखरे पाय तिने पाहिलेत, आणि तिला सांगितलं जातंय की पाहिलेलं पुसून टाक, मोर लिही. याचा राग येतो. विनोदी लेखात तो कुठे ठेवावा हे कळत नाही.

पुढच्या रविवारी तिची आई आली. सुट्टीचा दिवस, तरी घाईतच. “सर, ती म्हणते तुम्ही शालू लिहू देत नाही. मार्क जातील हो. दहावी जवळ आलीय.”

सरांनी अशोक आठवला, कोसबाड आठवलं. मग फळ्यावर एक हिरवा शालू लिहून दिला, परीक्षेपुरता, आणि मोर एकच घ्या म्हणून बजावलं.