कंदवाले काका

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत बाल्कनीत तुळस असते, मनीप्लांट असतो, फार तर एखादं अडेनियम. कंदवाले काकांच्या बाल्कनीत मात्र कुंडीत अर्धवट रुतलेला एक धोंडा असतो. मे महिन्यात त्याच्यावर एक पान दिसेल तर शपथ. "काका, गेलं का हो हे?" असं कोणी विचारलं की काका ओठांवर बोट ठेवतात. "हळू बोला. झोपलंय."

धोंड्याचं नाव डायोस्कोरिया एलिफंटाइपीस, मुक्काम पोस्ट दक्षिण आफ्रिकेचा केप भाग. तिथल्या कोरड्या माळांवर याचा कंद जमिनीच्या वर वाढतो, त्यावर बुचासारखे जाड खवले धरतात आणि म्हाताऱ्या कंदाचा घेर 3 मीटरपर्यंत जातो. थंडीत बदामी पानांची वेल चढते, उन्हाळ्यात वाळून पडते. पुण्यात साधारण गणपतीच्या सुमाराला कोंब फुटतो. त्यामुळे सगळं शहर पावसाची वाट बघत असतं तेव्हा काका कुंडी उचलून हॉलमध्ये पळत असतात. झोपेत पाणी मिळालं तर कंद सडतो. कामाच्या बाईंना घरातल्या सगळ्या झाडांना पाणी घालायची मुभा आहे, या एकाला सोडून.

एकदा अलिबागच्या मामी आल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं बाई, कोनफळ! काप करून तळा की." काकांचा चेहरा उतरला. खरं तर मामींनी अचूक ओळखलं होतं. दोन्ही एकाच कुळातली, अगदी सख्खी भावकी. पण भावकी कबूल करायची तर काप डोळ्यांसमोर येतात.

काकांची मान ताठ होते ती एकाच वाक्याला : "आमचं बियाण्याचं आहे." पहिल्या वर्षी एक पान आणि खाली वाटाण्याएवढा कंद, इतकंच भांडवल. खवले सुटायला कैक वर्षं लागतात. एवढा धीर नसलेली मंडळी तयार मोठा कंद विकत घेतात आणि मित्रांना दाखवायला बोलावतात. काकाही जातात. चहा घेतात, कंद निरखतात आणि विचारतात, "वय काय हो याचं?"

"पन्नासच्या पुढे असेल."

"तुमच्याकडे कधी आला?"

"दिवाळीत."

"मग आधीची एकोणपन्नास वर्षं कुठे होता?"

यजमान बिस्किटांची बशी पुढे सरकवतात. उत्तर दोघांनाही माहीत असतं. केपमध्ये परवान्याशिवाय हा कंद उपटणं गुन्हा आहे, तरी चोरटे उपटतात. वेलीचा तुकडा खोचून सहसा कंद होत नाही, त्यामुळे उपटलेल्या म्हाताऱ्याची जागा भरायला पुन्हा बी आणि पुन्हा अर्धं शतक. काकांना त्या घरी दुसऱ्यांदा चहाला कोणी बोलावत नाही.

स्वतःचं बी धरायचं तर आणखी एक भानगड. यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. काकांच्या वेलीला पहिली हिरवट-पिवळी फुलं आली तेव्हा ते भिंग लावून बसले. फुलाच्या मागे तीन धारांची इवलीशी बीजकोशी दिसली आणि त्यांनी आत हाक दिली, "अहो, मुलगी आहे!" काकूंनी कुकर बंद केला, इतकंच. मग स्थळं पाहणं सुरू झालं. मुंबईचं स्थळ फुललंच नाही. कोल्हापूरचं फुललं, पण तीही मुलगीच निघाली. अखेर नाशिकला जमलं. काका एसटीने गेले, डबीत नरफुलं घेऊन रात्रीच परतले आणि रंगाच्या ब्रशने मंगलकार्य उरकलं. हल्ली ते पंखवाल्या बिया फुकट वाटतात. मात्र त्याआधी बाल्कनी कुठल्या दिशेला, घरात मांजर आहे का, स्वभाव घाईचा आहे का, अशी चौकशी होते. त्यांच्या स्वतःच्या जावयाला इतके प्रश्न विचारले नव्हते.

परवा रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. सगळे कार्पेट एरियावर भांडत होते, काका फक्त "सकाळचं ऊन कुठल्या बाल्कनीला?" एवढंच विचारत होते. बिल्डरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "तीन वर्षांत ताबा." सभेत हशा पिकला. काका मात्र स्वतःशीच हिशेब करत मोठ्याने म्हणाले, "तीन वर्षांत साधी भेगसुद्धा पडत नाही."

बिल्डरने उठून त्यांचे जाहीर आभार मानले.