येडेपणाचं ढेकूळ

"काऊन वं बाई, घर पडलं का तुमचं?" गोधड्या, तंबू, पाण्याचे कॅन आणि दोन लेकरं गाडीत चढवत होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं. घर शाबूत आहे, पण आज रात्री आम्ही शेतात झोपणार आहोत, असं मी सांगितलं. काकूंनी माझ्या अडीच वर्षांच्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "येडी झाली पोरगी," एवढंच म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

काकू बरोबर बोलल्या. तो येडेपणाच होता. त्या येडेपणाची बाजू घ्यायची म्हणूनच हे लिहिते आहे.

माझं माहेर दुसरबीडचं. जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की दुपारी शेतात जायचं, आगटीभोवती बसून हुरडा खायचा आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, ही इथल्या शहाण्यांची रीत. आम्ही मुक्काम करणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकानं एकेक कारण काढलं. थंडी आहे. दव पडतं. हरभऱ्यात रोही येतात, रानडुकरं येतात. धाकट्याला रात्री उठायची सवय आहे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि रात्रभरात जवळजवळ सगळी खरी ठरली. तरीही पुढच्या जानेवारीत आम्ही परत जाणार आहोत.

तंबूपासूनच सांगते. आमची जमीन काळी. पाऊस संपून तीन महिने झाले की ती उलते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन भेगांमधला भाग दगडासारखा होतो. खुंटी त्या टणक भागावर वाकायची, नाहीतर भेगेत जाऊन सैल लोंबायची. नवऱ्यानं पहार घेतली, आबांनी दोऱ्या ओढून धरल्या, तरी वारा आला की एक कोपरा उडायचाच. शेवटी आठ वर्षांच्या भाच्यानं युक्ती काढली: खुंट्यांवर ढेकळं रचायची. मग सगळी लेकरं ढेकळं वाहायला लागली. माझा धाकटा दोन्ही हातांनी पोटाशी एक ढेकूळ धरून, पडत उठत, वीस पावलं चालत आला आणि त्यानं ते नेमकं खुंटीवर ठेवलं. दोरी ताणलेली राहिली. तो तिथंच उकिडवा बसला आणि बराच वेळ त्या दोरीकडे पाहत राहिला.

पुण्यातल्या घरी त्याला कुणी काम देत नाही. द्यायला कामच उरलेलं नसतं. दिवा बटणानं लागतो, पाणी नळाला येतं, जेवण वेळेवर पुढ्यात येतं. तो मदतीला आला की आपण त्याला हळूच बाजूला करतो, कारण त्याच्याशिवाय काम लवकर होतं. शेतात आमचे हात कमी पडले म्हणून त्याचे दोन हात लागले. शहाण्या माणसाच्या बेतात लेकराला असं काम कधीच निघत नाही.

संध्याकाळी आबांनी आगटी पेटवली. गोवऱ्यांचा विस्तव झाला तशी त्यात कणसं खोचली, आणि भाजल्यावर एकेक काढून पोत्याच्या तुकड्यावर चोळायला घेतली. पाच वर्षांच्या मुलीला फुंकर मारायचं काम मिळालं. तिनं इतक्या जोरानं फुंकलं की कोंडा तिच्याच पापण्यांना चिकटला. मुठीत उरले ते हिरवे, गरम, दुधाळ दाणे. जवसाच्या चटणीबरोबर तिनं ते मोजून खाल्ले, एकेक.

अंधार पडल्यावर आजीनं आभाळ दाखवलं. मृगातल्या ओळीतल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं. खालचा ठळक तो व्याध. पूर्वी रात्री मोटेवर जायची वेळ माणसं यांच्यावरून ठरवायची, असं आबा म्हणाले. तेवढ्यात एक उल्का सरकन गेली. "कुठं पडली?" मुलीनं विचारलं. बहुतेक वरच जळून जातात, मी सांगितलं, पण एक खूप मोठी खरंच पडली होती, इथून जवळ, लोणारला. काल आपण काठावरून बघितलं ना, ते तळं त्या उल्केच्याच खड्ड्यात आहे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जवळपास पावणेदोन किलोमीटरचा तो खड्डा, आणि तिथला खडक सह्याद्रीसारखाच लाव्हाचा. ती गप्प झाली. मग माझ्या शालीत शिरून म्हणाली, "आज नको पडायला."

रात्री दोनला धाकट्यानं गोधडी भिजवली. तंबूच्या आतून आमच्याच श्वासाचे थेंब टपकत होते. कोरडं काही शोधत होतो तोच हरभऱ्यातून धपधप आवाज आला. शेजारच्या मळ्यातला जागल्या पत्र्याचा डबा बडवत ओरडला, आणि रोह्यांचा कळप आमच्या जवळून पळाला. तिन्ही लेकरं एकाच वेळी मला बिलगली. भीती मलाही वाटली होती, आणि ती त्यांच्यापासून लपली नाही. मुलीनं माझ्या छातीवर हात ठेवून सांगितलं, "आई, गेले ते." त्या रात्री धीर तिनं मला दिला.

एक मात्र मनावर ओझं ठेवून लिहिते. याच महिन्यात आमच्या भागातली कितीतरी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, आणि त्यांची तान्ही लेकरं पाचटाच्या कोपीत याच थंडीत झोपतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात कोंबड्या, कोकरं आणि तान्हं मूल एकत्र चाललेलं मी लहानपणापासून पाहते आहे. त्यांच्या मुक्कामाला मी हौस म्हणणार नाही. आमच्या लेकरांना सकाळी गरम पाणी आणि घर होतं, म्हणून आमची ती रात्र गोड झाली.

१२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तालुक्याच्या गावी, सिंदखेडराजाला, लांबलांबून माणसं येतात. आयांच्या कडेवर शालीत गुंडाळलेली लेकरं असतात. इतक्या थंडीत एवढ्याशा पोराला कशाला आणलंस, असं त्यांनाही घरी कुणीतरी विचारलंच असेल. आणि त्या आल्या.

सकाळी काकू शेतात आल्या त्या चहाची किटली घेऊन. गोधडी बाभळीवर वाळत होती. त्यांनी धाकट्याला मांडीवर घेतलं, त्याचे गार तळवे आपल्या पदरात धरले आणि विचारलं, "झोप लागली का रं?" त्यानं उत्तर दिलं नाही. तो खुंटीवरच्या ढेकळाकडे बोट दाखवत होता.

ते ढेकूळ गाडीत बसून पुण्याला आलं. आता गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी आहे. झाडांना पाणी घालताना तो दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभा राहतो. ते भिजलं तर तंबू उडेल, असं त्याचं म्हणणं आहे.