इतिहासाच्या गाइडकर्त्यांस खुले पत्र

गाइडकर्ते महोदय,


परीक्षा जवळ आली की महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या दुकानात तुमची ‘हमखास येणारे प्रश्न’वाली पुस्तिका लटकू लागते. पाथर्डी, शेवगाव, पारनेरहून एसटीनं नगरला येणारी मुलं-मुली बी.ए.ला इतिहास स्पेशल, आताच्या भाषेत मेजर, घेतात. त्यांतली कित्येक घरातली पहिलीच पदवीधर होणार असतात. तीन वर्षांची पदवी तीन रात्रींत उरकायला तुम्ही त्यांना शिकवलंत. त्याचा जाब कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

निजामशाहीच्या मलिक अंबरचंच घ्या. मुघल फौजांना तो जन्मभर आवरला नाही. तुम्ही त्याला पाच गुणांच्या टिपेत आवरलंत: हबशी, गनिमी कावा, जमीन महसूल, मृत्यू १६२६. जहांगीरच्या चित्रकारानं, अबुल हसननं, काढलेलं एक चित्र आहे. भाल्यावर अंबरचं छाटलेलं मुंडकं आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. असं प्रत्यक्षात कधी घडलंच नाही. मग हे चित्र पुरावा कशाचा? अंबरच्या पराभवाचा, की बादशहाच्या जळफळाटाचा? या प्रश्नावर वर्ग तासभर भांडतो. तुमच्या टिपेत भांडायला जागाच नाही.

नगरजवळच्या शहाडोंगरावरच्या तीन मजली इमारतीला सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही; मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर. मग लोकांनी मंत्र्याला बाजूला सारून ती वास्तू १५९५-९६च्या वेढ्यात मुघलांपुढे किल्ला लढवणाऱ्या बाईच्या नावावर का केली असेल? इतिहासाच्या विद्यार्थ्यानं यावर डोकं खाजवायचं. तुम्ही त्याला वेढ्याचं साल पाठ करायला लावलंत.

प्रवरेकाठचं दायमाबाद आपल्याच जिल्ह्यातलं. १९७४ साली तिथे गावातल्या माणसाला झुडुपाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. शास्त्रीय उत्खननात, थरांच्या नोंदीसह ती मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. तुम्ही ‘उत्तर-हडप्पा’ एवढं लिहून तो वाद मिटवून टाकलात. नेहरूंनी १९४४ साली नगरच्या किल्ल्यात, कैदेत लिहिलेलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तुमच्याकडे रिकाम्या जागा भरण्यापुरतं उरलंय.

प्रश्नपत्रिका काढणारे तेच ते प्रश्न फिरवून घालतात म्हणून तुमचे अंदाज खरे ठरतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी हिशेब वेगळा करीन. पण अभ्यास म्हणजे तयार उत्तर, ही समजूत मुलांच्या डोक्यात रुजवली ती तुम्ही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीच्या मोबाइलवर रोज कुठल्या तरी राजाबद्दल मजकूर येऊन आदळतो. हे कशावरून, कुणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, पत्र अस्सल की नक्कल, हे तिला विचारता यायला हवं. हीच या विषयाची विद्या, आणि नेमकी तीच तुम्ही गाळलीत. ‘कारणे व परिणाम’ मात्र क्रमवार छापलेत, जणू ती आकाशातून पडली.

पुढची आवृत्ती काढाल तेव्हा प्रत्येक उत्तराखाली एक ओळ छापा: हे आपल्याला कशावरून कळलं. जिथे ती ओळ लिहिता येणार नाही, ते उत्तर काढून टाका. आणि टी.वाय.च्या मुलामुलींनो, गाइड घ्यायचंच असेल तर घ्या; पण परीक्षेआधी शहाडोंगर चढून या, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जा आणि तिथून निदान एक प्रश्न असा आणा, ज्याचं उत्तर या पुस्तिकेत नाही.

आपला,
इतिहास शिकवणारा एक नगरकर