मोठे बाबा-लहान-फायनल-२ : कौटुंबिक अभिलेखांच्या नामकरणाविषयी

ज्या कागदपत्रांवरून एखाद्या घराण्यातील माणसे कोण, कोणाची, कुठली आणि केव्हाची हे ठरवता येते, त्यांना अभ्यासक कौटुंबिक अभिलेख म्हणतात. नागपुरात त्यांना ‘पेटीतले कागद’ म्हणतात. महाल किंवा इतवारीतील जुन्या घराच्या माळ्यावर असलेल्या अशा लोखंडी पेटीत सामान्यतः कोतवाल पंजीची नक्कल, म्हणजे मध्यप्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहीत ठेवी तिचा उतारा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एखादे पान, दोन-तीन खरेदीखते, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका आणि मोडी लिपीतील एक लांबलचक कागद एवढा ऐवज सापडतो. हा मोडी कागद घरात कोणालाच वाचता येत नसल्यामुळे तो एका अख्ख्या गावाच्या मालगुजारीचा आहे, यावर घराण्याचा दृढ विश्वास असतो. मालगुजारी १९५१ साली संपली तरी हा विश्वास संपलेला नाही, आणि प्रत्यक्षात तो कागद कोणाकडून तरी घेतलेल्या उसनवारीचा निघू शकतो हे मनातून ठाऊक असल्याने बहुतेक कुटुंबे तो जाणकाराला दाखवण्याचे टाळतात.

हे कागद डिजिटल होतात ते इतिहासप्रेमामुळे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे त्याच्या पडताळणीसाठी कुटुंबाच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा एका ठरलेल्या दिवसाच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी तो दिवस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे, आणि म्हणून नात बारावीच्या विज्ञान शाखेत पोचली की ज्या पणजोबांचे नावही कोणाला धड सांगता येत नव्हते त्यांच्याविषयी घरात एकाएकी जिव्हाळा उत्पन्न होतो. हा जिव्हाळ्याचा हंगाम मे-जूनमध्ये येत असल्याने एकाने कागद कूलरच्या झोतात दाबून धरायचा, दुसऱ्याने मोबाइल स्थिर धरायचा आणि उरलेल्या सर्वांनी सूचना द्यायच्या, अशी श्रमविभागणी करावी लागते. कूलर बंद करण्याचा पर्याय नागपुरात मे महिन्यात विचारात घेतला जात नाही.

या घाईत फाइलचे बारसे यंत्रावर सोपवले जाते. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र ‘आयएमजी-२०१९०६१४-डब्ल्यूए०००७’ अशा धर्तीचे नाव घेऊन येते, आणि त्याच प्रवासात मेटाडेटा, म्हणजे चित्र केव्हा व कोणत्या उपकरणाने काढले ही फाइलच्या पोटात साठवलेली माहिती, बहुतांशी गळून पडते. कॅमस्कॅनर या ॲपवर भारत सरकारने २९ जून २०२० रोजी इतर ५८ ॲपांसोबत बंदी घातली. परंतु त्याने नावे ठेवलेले पणजोबा अद्याप ‘कॅमस्कॅनर’ याच नावाने घरोघरी नांदत आहेत. अशा नावावरून अभिलेख हाती कधी आला ते कळते, तो मुळात कुठला आणि केव्हाचा ते कळत नाही. हा दोष मात्र यंत्रयुगाचा नव्हे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा सुप्रसिद्ध ताम्रपट रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, दिला गेला, पण विद्वान त्याला आजही ‘पुणे ताम्रपट’ म्हणतात. या ताम्रपटाच्या अंगावर तो कोणी, कुठून आणि राज्यवर्षाच्या हिशेबाने केव्हा दिला ते सविस्तर कोरलेले आहे, म्हणजे मेटाडेटा धातूतच ठोकलेला असल्याने तो प्रवासात गळत नाही. व्हॉट्सॲपपूर्व काळात ही सोय होती.

नामकरणातील खरी अडचण मात्र यंत्राकडून नव्हे, तर नातेसंबंधांकडून येते. फाइल कोणीही उघडली तरी तिच्या नावाचा अर्थ एकच निघावा, अशी अपेक्षा असते. पण ‘मामा’, ‘आत्या’, ‘आबाजी’ हे शब्द कोणाच्या तोंडचे आहेत हे कळल्याशिवाय त्यांवरून कोणतीच व्यक्ती निश्चित होत नाही. त्यामुळे ‘आबाजी’ या नावाच्या फाइलमध्ये थोरल्या मुलाच्या संगणकावर एक गृहस्थ असतात आणि धाकट्या सुनेच्या संगणकावर तिच्या माहेरचे दुसरे गृहस्थ असतात; दोन्हीकडची सामग्री पेन ड्राइव्हवर एकत्र करताना ‘या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का’ असे संगणक विचारतो, कोणीतरी न वाचता होकार देते, आणि एका घराण्याचा मूळपुरुष दुसऱ्या घराण्याच्या मूळपुरुषाच्या जागी विनातक्रार जाऊन बसतो. विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला ‘मोठे बाबा’ म्हणण्याची पद्धत असल्याने ‘मोठे बाबा-लहान’ ही फाइल त्यांच्या बालपणीची असावी असा तर्क भावी संशोधक करील, पण ते वस्तुतः शासकीय संकेतस्थळाने ठरवून दिलेल्या केबीत बसावे म्हणून आकसवलेले त्यांचे साठीतील छायाचित्र असते. ‘मोठे बाबा-मोठे’ हे मूळ आकाराचे, ‘मोठे बाबा-लहान-फायनल’ हे संकेतस्थळाने नाकारलेले आणि ‘मोठे बाबा-लहान-फायनल-२’ हे स्वीकारलेले असते. त्यांच्या बालपणीचे छायाचित्र ‘बंडू’ या नावाने आहे, कारण ते नाव आजींनी सांगून ठेवले होते.

यावर उपाय म्हणून माणसांना आकडे द्यावेत, असा विचार युरोपात फार पूर्वी झाला. मिखाएल आइत्सिंगर याने १५९० साली वापरलेल्या आणि स्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनित्स याने १८९८ साली रूढ केलेल्या पद्धतीत वंशावळ ज्याची असेल त्याला १, त्याच्या वडिलांना २, आईला ३ असे क्रमांक मिळतात आणि कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचा पिता, दुपटीत एक मिळवला की माता सापडते. ही पद्धत गणिती दृष्ट्या निर्दोष असली, तरी तिच्या कर्त्यांनी मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या समाजांची मते विचारात घेतलेली दिसत नाहीत. वडिलांनी आपल्या सख्ख्या मामाची मुलगी केली असेल, तर त्या मामाचे वडील हे वडिलांच्या आईचेही वडील असल्याने एकच पणजोबा क्रमांक १० आणि क्रमांक १२ अशा दोन फोल्डरांत, व त्यांच्या पत्नी ११ आणि १३ मध्ये, वेगवेगळ्या संसारात राहू लागतात. शिवाय १ हा क्रमांक कोणाचा, यावर सख्ख्या भावंडांत वाद होऊ शकतो, आणि नागपुरात घराच्या वाटणीचा दावा चालू असेल तर तो होतोच.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा ही या शास्त्रापुढील आणखी एक आपत्ती होय. नागपूरकर भोसल्यांमध्ये तीन रघुजी आणि दोन मुधोजी झाले, त्यांना पहिले, दुसरे, तिसरे अशी शेपटे इतिहासकारांना जोडावी लागली. त्यातही तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र असून दत्तक जाण्यापूर्वी त्यांचे नाव बाजीबा होते, म्हणजे केवळ ‘रघुजी’ शोधणाऱ्याला त्यांच्या बालपणाचा एकही कागद मिळणार नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर प्रत्येक लग्नपत्रिका हा नावबदलाचाच दस्तऐवज असतो. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात पडलेले ‘ताई’ किंवा ‘माई’ हे नाव एकाच फाइलनावात घालावे म्हटले, तर लिनक्ससारख्या प्रणालीत फाइलनावाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, अगदी काना किंवा मात्राही, ३ बाइट खात असल्याने, अवघी ८५ चिन्हे हाती उरतात. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचे ठरवल्याने न्याय झाला हे खरे, परंतु बाइट वाढलेले नाहीत. (मघाच्या प्रभावतीगुप्तेने आपल्या ताम्रपटात सासरच्या वाकाटकांची नव्हे तर माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिली होती, ही गोष्ट सासरच्या आडनावाने फोल्डर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.)

स्थळानुसार वर्गीकरण करावे, तर तेही इतर शहरांत जितके सोपे तितके नागपुरात नाही. १९४० साली महालात जन्मलेल्या आणि आयुष्यभर तेथेच राहिलेल्या गृहस्थाचा जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडात झाला, १९५० नंतरचे शालेय शिक्षण राजधानी नागपूर असलेल्या मध्यप्रदेशात झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याचे कागद राज्यानुसार लावणारा उत्साही नातू चार फोल्डर करतो आणि आजोबा फार फिरलेले होते असा निष्कर्ष काढतो. त्या काळच्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत कारभार चालल्याने एका कागदावर ‘नागपुर’ आणि दुसऱ्यावर ‘नागपूर’ असते, आणि शोधपेटीत दीर्घ ऊकार टाकणाऱ्याला निम्मे आयुष्यच सापडते.

तारखांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण जुन्या पिढीतील पुष्कळांना गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून किंवा १ जुलै हीच जन्मतारीख बहाल केलेली असते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यामुळे फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात; मराठी माणूस मात्र दिवस आधी लिहितो, त्यामुळे त्याच्या फोल्डरात सर्व महिन्यांच्या आणि सर्व शतकांच्या १ तारखा एकत्र जमतात.

छायाचित्रांना आणखी एक गोष्ट नडते. कागदी छायाचित्राला पाठ असते आणि त्या पाठीवर निळ्या शाईत ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून कोणीतरी सर्वांची नावे लिहिलेली असतात. स्कॅन करणारा पुढची बाजू तेवढी स्कॅन करतो, मूळ प्रत वाळवीच्या स्वाधीन होते, आणि डिजिटल प्रतीला उलटून पाहण्याची सोय नसते. मागची बाजूही स्कॅन करून दोन्ही फाइलींना एकच नाव व पुढे ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्द जोडावेत, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे, म्हणूनच तो कोणी करत नाही.

या सर्व गोंधळाच्या पार्श्वभूमीवर नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या म्हणजे व्यवस्था म्हणजे काय ते कळते. तीर्थोपाध्याय येणाऱ्याला आधी मूळ गाव विचारतात, मग जात आणि आडनाव, आणि तेवढ्यावर नेमकी वही उघडून पाच पिढ्यांमागे कोण येऊन गेले ते त्याच्याच पूर्वजाच्या हस्ताक्षरात दाखवतात. हरिद्वारच्या अशा वह्या अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सूक्ष्मपटावर घेतल्या. त्या वह्यांत ‘फायनल-२’ अशी नोंद आढळत नाही, कारण नोंद करणारा स्वतःचे नाव लिहितो, नुसते नाते नव्हे, आणि दक्षिणा देऊन झाल्यावर दुरुस्ती सुचवण्याचे त्राण कोणात उरत नाही.

शेवटी उरतात ती कोणालाच ओळखता न येणारी माणसे. लग्नाच्या समूहचित्रातील तिसऱ्या रांगेत टोपी घालून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या फाइलला ‘हे कोण?’ हे प्रामाणिक नाव द्यावे, तर विंडोज प्रणाली फाइलनावात प्रश्नचिन्ह घेत नाही. तिरकी रेघ आणि अपूर्णविरामही घेत नाही, पण त्यांच्यावाचून घराण्याचे फारसे अडत नाही. म्हणून अशा सर्वांना ‘अज्ञात’ म्हणून क्रमांक दिले जातात, आणि वर्णानुक्रमात ‘अज्ञात’ हा शब्द ‘आबाजी’च्या आधी येत असल्यामुळे ही अनोळखी मंडळी फोल्डरात मूळपुरुषाच्याही वरती जाऊन बसतात. पुढे कुटुंबाच्या स्मरणिकेत वंशावळीसोबत छापायला छायाचित्र हवे असते तेव्हा छापखान्यातून सारखे फोन येऊ लागल्यावर कोणीतरी यादीतील पहिलीच फाइल पाठवून देते, आणि टोपीवाले गृहस्थ घराण्याचे संस्थापक होतात.