साडेचार किलोमीटरचा परदेश

कर्तारपूरचा गुरुद्वारा दरबार साहिब पाकिस्तानच्या नारोवाल जिल्ह्यात रावीकाठी आहे. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथे शेती करत काढली आणि १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. अलीकडे भारतातले डेरा बाबा नानक. मधले अंतर जेमतेम साडेचार किलोमीटर. फाळणीनंतर भाविकांना कर्तारपूरला सहज जाता येईना, तेव्हा सीमेवर चौथरा बांधून दुर्बीण ठेवण्यात आली. सुरक्षेच्या दृष्टीने या व्यवस्थेला तोड नव्हती. ना पासपोर्ट, ना तपासणी, ना प्रवास. दुर्बिणीतून लंगरचे जेवण तेवढे मिळत नसे.

९ नोव्हेंबर २०१९ रोजी कॉरिडॉर खुला झाला. व्हिसा माफ, मात्र पासपोर्ट सक्तीचा. शिवाय आगाऊ ऑनलाइन अर्ज, पडताळणी आणि पाकिस्तानला वीस डॉलर सेवाशुल्क. सामान सात किलोपर्यंत, रोकड अकरा हजार रुपयांपर्यंत. सकाळी जायचे, त्याच दिवशी परतायचे. दिवसाला पाच हजार जणांची सोय होती. चारच महिन्यांत कोरोना आला आणि कॉरिडॉर नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद राहिला. मे २०२५ मधील लष्करी संघर्षात तो पुन्हा बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रावीचे पाणी गुरुद्वाराच्या आवारात शिरले. नदीने अर्ज केला नव्हता.

दुसरी वाट जथ्याची. १९७४ च्या द्विपक्षीय करारानुसार वैशाखी, नानक जयंती अशा ठरावीक प्रसंगी जथे अटारी-वाघामार्गे जातात. नानकाना साहिब, हसन अब्दालचे पंजा साहिब, लाहोरचे डेरा साहिब पाहून परततात. सोबत पोलिसांचा पहारा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या गृह मंत्रालयाने सुरक्षेच्या कारणावरून नानक जयंतीचा जथा न पाठवण्याची सूचना राज्यांना दिली. त्याच महिन्यात दोन्ही देशांचे क्रिकेट संघ दुबईत तीनदा एकमेकांशी खेळले. हस्तांदोलन मात्र टाळले गेले, त्यामुळे राष्ट्रहिताला बाधा आली नाही. क्रिकेटची सोय अशी की ते तिसऱ्या देशात नेता येते. नानकाना साहिब दुबईला हलवता येत नाही, आणि त्याच्या प्रक्षेपणाचे हक्कही कोणी मागत नाही. पंजाबातून ओरड झाल्यावर परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे दोन हजार भाविक गेले. कॉरिडॉर तेव्हाही बंदच होता. म्हणजे कर्तारपूरचे दर्शन वाघा ओलांडून, शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा घालून घ्यायचे. सुरक्षेसाठी जवळची वाट बंद आणि लांबची खुली, हे गणित ज्याने मांडले त्याच्या हिशेबात रस्त्यावरचे अपघात बहुधा धरलेले नसावेत.

ते धरायला हवेत. ३ जुलै २०२० रोजी पेशावरचे शीख भाविक नानकाना साहिबहून परतत असताना शेखुपुरा जिल्ह्यात फारुकाबादजवळ त्यांच्या मिनीबसला रेल्वेने धडक दिली. सुमारे वीस जण दगावले, त्यांत एकाच कुटुंबातले अनेक होते. हे सगळे पाकिस्तानचेच नागरिक. त्यांना कोणतीही सीमा ओलांडायची नव्हती. रेल्वे फाटकावर पहारेकरी नव्हता, आणि तो नेमायला दिल्लीशी कसलाही करार करण्याची गरज नव्हती.